खुंटात सापडलेला गुलाब

परसातला जुना, गुलकंदाचा गुलाब शोधायचा असेल तर नर्सरीत फुले बघत हिंडू नका. कलमांखाली खुंट कोणता वापरता, ते विचारा. आजोळच्या विहिरीकडेचा आमचा गुलाबी गुलाब घर विकले तेव्हाच गेला. मला तो पुन्हा भेटला एका मरतुकड्या कलमाच्या बुडाशी. वर भरलेला डोळा जळाला होता आणि खालून जोमदार फुटवे आले होते. ते न छाटता फुलू दिले. तीच पाकळ्यांनी गच्च भरलेली वाटी, तोच वास, तशाच झुबक्याने कळ्या. माळीबुवा म्हणाले, "हा तर एडवर्ड. खुंटाचा गुलाब."

घरात त्याला सगळे मोगलांचा गुलाब म्हणत. म्हणजे पुष्कर-कनौजकडचा अत्तराचा दमास्क. मला ते पटत नाही. तो दमास्क मार्च-एप्रिलमध्ये भरभरून फुलतो आणि एरवी बहुतेक पालाच दाखवतो. आमच्या झाडाला थोडी थोडी फुले वर्षभर असत. काटेही वेगळे. दमास्कच्या फांदीवर लहानमोठ्या काट्यांची दाटी असते. आमच्या गुलाबाचे काटे विरळ आणि आकड्यासारखे वाकलेले. वास दमास्कचा, बारमाही फुलणे चिनी गुलाबाचे, म्हणजे हा दोघांचा संकर.

तो झाला कुठे? रूढ कथा रियुनियन बेटाची, तेव्हाच्या बूर्बाँची. तिथे शेताच्या कुंपणाला दुहेरी ओळ लावत: एक चिनी गुलाबाची, दुसरी पुन्हा पुन्हा फुलणाऱ्या दमास्कची. सेंट बेनुआचे जमीनदार पेरिशाँ यांना त्या रोपांत एक निराळेच रोप दिसले, तोच हा एडवर्ड. 1817 मध्ये आलेल्या ब्रेआँ या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते हेरले, 1819 मध्ये पॅरिसजवळ न्युईला झाक या माळ्याकडे बिया पाठवल्या आणि बूर्बाँ गुलाबांचे घराणे सुरू झाले.

दुसरा पक्ष म्हणतो, हे झाड कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आधीपासूनच होते. मी या पक्षाचा. शिबपूरचे ते उद्यान 1787 सालचे. चीनमधले गुलाब कंपनीच्या जहाजांतून कलकत्त्यामार्गे विलायतेला जात, आणि दमास्क तर हिंदुस्थानात कधीचाच रुजलेला. दोघे इतकी वर्षे शेजारी वाढल्यावर संकर इथेच व्हावा, हे स्वाभाविक. बेटाच्या बाजूने पेरिशाँविषयीची लिखित हकीकत आहे, हे मान्य. पण निराळे रोप कुंपणात सापडले म्हणून ते तिथेच जन्मले, असे सिद्ध होत नाही. कलकत्त्याहून गेलेल्या रोपांत मिसळून ते बेटावर पोहोचले असावे, असा माझा ठाम कयास आहे.

पुढचे सर्वांना माहीत आहे: हायब्रिड टी गुलाब आले, मोठ्या फुलांनी बागा भरल्या. एडवर्ड मात्र चिवट म्हणून त्यांचा खुंट झाला आणि जमिनीलगत टिकून राहिला. म्हणून जुने कलम वाळले तर उपटायची घाई करू नका. खालचा फुटवा एकदा फुलू द्या, काटे आणि बहर ताडून पाहा. ओळख पटली, तर पावसाळ्यात पेन्सिलीएवढी काडी लावा. खुंटाची जात आहे, सहज मुळे धरते.