ख्रिस्तपुराण कुठल्या कपाटात ठेवायचं?

मागच्या महिन्यात लातूर जिल्ह्यातल्या एका वाचनालयात ‘ख्रिस्तपुराण’ आहे का, म्हणून विचारलं. ग्रंथपाल भला माणूस. आवाज खाली आणून म्हणाला, “सर, धर्मप्रचाराचं काही ठेवत नाही आपण. उगं कुणी येऊन बोंब मारली तर?” मी म्हटलं, तुमच्या पाठीमागे ज्ञानेश्वरी, दासबोध आहेत की. तो नुसता हसला. आत्मचरित्रांच्या कपाटात लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ होतं. वाचून वाचून पानं सुटी झालेली. ते एका ख्रिस्ती बाईचं पुस्तक आहे, हे त्याच्या ध्यानातही नव्हतं.

ख्रिस्तपुराण लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स इंग्रज जेझुइट. १५७९ मध्ये गोव्यात आले. त्याआधी, १५६७ मध्ये, साष्टीतली देवळं पाडली गेली होती आणि लोकांच्या जुन्या पोथ्यांवर बंदी आली होती. हे झाकून स्टीफन्सचं कौतुक करू नये. तुम्ही आमची पुराणं बंद केलीत, मग दुसरं पुराण का देत नाही, असं विचारणारा एक ब्राह्मण खुद्द त्यांच्याच ग्रंथाच्या सुरुवातीला भेटतो. त्याला उत्तर म्हणून जवळपास अकरा हजार ओव्या झाल्या. पोर्तुगीजांचं राज्य, लॅटिनमधला धर्म, लिहिणारा इंग्रज, आणि छंद मात्र ओवी! ती वाट घातली ज्ञानेश्वर-एकनाथांनी. एकनाथ पैठणचे, आपल्या नांदेडच्या घाटावर येणारी गोदावरी त्यांच्या दारावरून येते.

१६१६ मध्ये ग्रंथ छापला, तो रोमन लिपीत, कारण देवनागरी खिळे नव्हते. पुढे १६४९ आणि १६५४ मध्येही छापला. आज त्यातल्या एकाही आवृत्तीची प्रत सापडत नाही. वाचला तो हातानं उतरवून घेतलेल्या प्रतींमुळे. लंडनला विल्यम मार्सडेनच्या ग्रंथसंग्रहात देवनागरीतलं हस्तलिखित पडून होतं. ते काय आहे हे ओळखून १९२३ मध्ये त्यावर लिहिलं जस्टिन अ‍ॅबट यांनी. हे अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री. शेवटी १९५६ मध्ये शांताराम बंडेलूंनी पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली. म्हणजे कुणीतरी नुसतं सांभाळून ठेवलं, म्हणून आपल्याला परत मिळालं.

अ‍ॅबटसाहेबांची पुढची गोष्ट तर आपल्या शेजारची आहे. माणसं ख्रिस्ती करायला आलेल्या मिशनचा हा माणूस उतारवयात मराठी संतांची चरित्रं इंग्रजीत आणायला बसला. एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम. आणि १९२८ मध्ये दासोपंत! अंबाजोगाईचे, पासोडीवाले दासोपंत. लातूरहून तासा-दीड तासाचा रस्ता. सांगायला आलेला माणूस ऐकत बसला, आणि तेही पोथ्या समोर घेऊन. दोन भाषांमधली ये-जा अशी पुस्तकांवरून होते, भाषणांवरून फार कमी.

आता आपलं बघा. जानेवारी २०२० मध्ये धाराशिवला साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ‘सुबोध बायबल’साठी साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळालेले, जन्मभर मराठीत लिहिलेले. तरी एक पाद्री अध्यक्ष कसा, म्हणून ओरड झाली, धमक्या आल्या. ओरडणाऱ्यांपैकी कितीजणांनी त्यांचं एखादं पुस्तक हातात धरलं होतं? आणि धरायचं म्हटलं तरी आपल्या तालुक्यात मिळणार कुठे?

काही ख्रिस्ती मित्रांचंही मला पटत नाही. ते पत्रकं वाटतात. पत्रक रस्त्यावर पडतं, वाद तेवढा घरी येतो. त्यापेक्षा वाचनालयाला ख्रिस्तपुराण, बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’, पंडिता रमाबाईंचं मराठी बायबल भेट द्या. देगलूर-उदगीरकडे एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलतात. तिथे चारही भाषांतली द्या. शेजारी मिशनऱ्यांशी वाद घालणाऱ्या विष्णुबुवा ब्रह्मचारींचीही पुस्तकं हवीत. ज्याला जे वाचायचं ते तो वाचेल. ग्रंथपालानं फक्त नोंद करायची, परत आलं की कपाटात लावायचं.

त्या वाचनालयासाठी मी ख्रिस्तपुराणाची प्रत शोधतोय. ग्रंथपाल म्हणाला, “आणा, काव्याच्या कपाटात लावतो.” नांदेड-लातूरकडे कुणाकडे जुनी प्रत असेल तर कळवा. झेरॉक्सही चालेल.