मामा तलाव: पाळ, तुडूम आणि सलंग

पाण्याचं जुनं यंत्र म्हटलं की आपल्याला पाणचक्की आठवते. गोंदिया जिल्ह्यात मात्र आपण तलावाच्या पाळीवर उभं राहायला हवं. इथले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हीसुद्धा यंत्रंच आहेत.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातला नवेगावबांध घ्या. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, असं मानतात. डोंगरांमधली वाट मातीच्या पाळीनं अडवली आणि पाणी साठलं.

आता रचना बघू. पाळ पाणी धरते. तुडूम म्हणजे पाळीखालची मोरी. तिचं तोंड उघडलं की पाणी पाटानं धानाच्या बांध्यांत उतरतं. सलंगवरून जादा पाणी वाहून जातं, म्हणून पाळ फुटत नाही. कुठंही पंप नाही, सगळं काम उताराचं. रोवणीनंतर पावसानं दडी मारली की याच पाण्यावर धान तगतो.

पण तुडूम केव्हा उघडायचं, पाळीवर माती केव्हा टाकायची, हे ठरवणारी माणसंही या यंत्राचाच भाग होती. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी संपली, ते योग्यच झालं. तलाव सरकारकडे गेले. देखभालीची गावातली घडी मात्र विस्कटली, अनेक तलाव गाळानं भरले.

आज गाळ काढण्याच्या योजना येतात. आपण एवढंच विचारू या: गाळ निघाल्यावर तुडुमाची जबाबदारी गावात कोणाकडे राहणार?