भेसळ की विकर?

प्रथिनाचा स्फटिक वाढवायचा तर प्रथिन शुद्ध हवं, हा नियम मी नुसताच वाचला होता. जेम्स समनरची गोष्ट वाचली, तेव्हा कळलं की एकेकाळी यावरून मोठं भांडण झालं होतं.

सतराव्या वर्षी शिकारीतल्या अपघातात डावा हात गमावलेल्या समनरने १९१७ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात युरिएज हे विकर वेगळं काढायला घेतलं. कच्चा माल होता आपल्या अबईच्या जातकुळीतल्या जॅक बीनचं पीठ. सुरुवातीला शीतपेटीही नव्हती. अर्काची भांडी रात्री खिडकीत ठेवून थंडीची वाट पाहायची. १९२६ मध्ये अल्कोहोलऐवजी अ‍ॅसिटोन वापरलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली इवले स्फटिक दिसले.

स्फटिकात एकसारखे रेणू विटांसारखे रचले जातात. परका रेणू सहसा त्यात बसत नाही, द्रवातच राहतो. असे रेणू फार झाले तर ते पृष्ठभागाला चिकटून वाढच रोखतात.

पण नोबेलविजेते रिशार्ट विलश्टेटर मानेनात. त्यांच्या मते विकर हे प्रथिन नव्हतंच. मग स्फटिकाला विकर भेसळ म्हणून चिकटलं असेल तर? शंका खुळी नव्हती. थोडी भेसळ स्फटिकात अडकतेच.

उत्तर जॉन नॉर्थ्रॉप यांनी दिलं. १९३० मध्ये त्यांनी पेप्सिनचे स्फटिक मिळवले, विरघळवून पुन्हा पुन्हा घडवले. दर वेळी विकराची ताकद तेवढीच! भेसळ असती तर ती कमी होत गेली असती.

१९४६ मध्ये समनर, नॉर्थ्रॉप आणि वेंडेल स्टॅन्ली यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. समनरच्या पहिल्या स्फटिकाला तोवर वीस वर्षं झाली होती.