पाल्याची कसोटी



सिल्वासा सोडून खानवेलच्या वाटेला लागले म्हणजे कारखाने मागे पडतात आणि सागाचे रान सुरू होते. १७८३ साली हा नगरहवेलीचा मुलूख मराठ्यांकडून पोर्तुगीजांकडे गेला. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. राज्ये पालटली, परंतु पाला-मुळी ओळखणारा वारली भगत आपल्या ठिकाणी राहिला. मधुमेह घरोघर शिरला असताना, असल्या औषधांत तथ्य किती, हा प्रश्न आज निकडीचा झाला आहे.

गुडमार, म्हणजे आपला बेडकीचा पाला, चावून साखर खाल्ली तर ती वाळूसारखी बेचव लागते. जिभेवरची गोडी मारणारा पाला रक्तातील साखरही मारील, हा तर्क सोपा; पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे. डॉ. म्हसकर आणि मुंबईच्या हाफकिन संस्थेतील कायस यांनी हा पाला जनावरांवर तपासला आणि साखर उतरल्याचे १९३० साली नोंदविले. जिभेचा प्रश्न त्यांनी रक्ताला विचारला, हे त्यांचे खरे श्रेय.

बिबल्याच्या, म्हणजे विजयसाराच्या, लाकडी पेल्यात रात्रभर ठेवलेले पाणी सकाळी पिण्याची चाल जुनी आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने हे झाड चार केंद्रांतून रुग्णांवर पारखले. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार ९७ नवीन रुग्णांपैकी ६७ जणांची साखर बारा आठवड्यांत आटोक्यात आली. मात्र तुलनेसाठी औषधाविना ठेवलेला गट तेथे नव्हता. म्हणून आशा धरावी, निकाल मानू नये.

मेदाची कथा अधिक बोधप्रद आहे. सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाच्या वर्णनावरून डॉ. सत्यवती यांनी काशी हिंदू विश्वविद्यालयात गुग्गुळाचा अभ्यास केला. १९६६ च्या त्यांच्या प्रबंधाने रक्तातील कोलेस्टेरॉलकडे लक्ष वेधले. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्यापासून औषध सिद्ध केले. परंतु २००३ साली अमेरिकेत १०३ रुग्णांवर झालेल्या तुलनात्मक परीक्षेत अपायकारक कोलेस्टेरॉल उतरले नाही, उलट किंचित चढले. जुन्या वचनाला पहिल्या कसोटीने उचलून धरले आणि दुसरीने शंका उपस्थित केली.

मग भगताला खोटे ठरवावे काय? मुळीच नाही. कोठे शोधावे हे तो सांगतो. किती आणि कोणाला द्यावे हे परीक्षेनेच ठरते. पाल्याच्या भरवशावर कोणी इन्शुलिन सोडले, तर त्या चुकीचा दंड त्याच्या प्राणांनाच भरावा लागतो. पाला घ्यावयाचा असेल तर आधी डॉक्टरांना सांगावे आणि साखर मोजत राहावे. रानाच्या ज्ञानाचा आदर करावयाचा, तो त्याला कसोटीवर लावूनच.