कुलूप करणाऱ्याचे नाव

सुतार, कुंभार, सोनार, कासार, तांबट अशी धंद्यागणिक नावे आपल्या भाषेने हौसेने घडविली. कुलूप करणाऱ्याला मात्र तिने स्वतंत्र नाव दिले नाही. तो लोहारातच जमा झाला. आजही ‘कुलूपवाला’ किंवा ‘किल्लीवाला’ म्हणून आपण त्याची बोळवण करतो.

‘कुलूप’ हा मूळचा अरबी ‘कुफ्ल’. फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला आणि मराठीत शिरताना त्यातील फ व ल यांनी जागा बदलल्या. फारसीत कारागिरालाही ‘कुफ्लसाज’ असे डौलदार नाव आहे. आपण वस्तूचे नाव घरात घेतले, कारागिराचे वेशीबाहेर ठेवले! ‘चावी’ पोर्तुगीजांकडून आली. त्यांचा आजचा उच्चार ‘शाव्ह’ असा आहे. जुन्या काळी तेथे चकार होता, तो आपण अद्याप जपला आहे. संस्कृत ‘तालका’वरून आलेले ‘टाळे’ घरचे खरे, पण त्याच्या वाट्याला बहुधा सक्तीचेच प्रसंग आले. दागिन्यांच्या पेटीला आपण कुलूप लावतो. जप्तीच्या घराला टाळे ठोकतात.

अर्देशीर गोदरेज यांनी वकिली सोडून १८९७ साली मुंबईत कुलपांचा कारखाना काढला. वकिलीसाठी सत्याला मुरड घालणे त्यांना मानवले नाही, असे सांगतात. (आमच्या व्यवसायबंधूंनी या वाक्यापाशी फार रेंगाळू नये.) स्प्रिंग मोडली की कुलूप निकामी होते, म्हणून त्यांनी बिनस्प्रिंगचे कुलूप केले.

कायद्यालाही या कारागिराची गरज पडते, पण नाव आठवत नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश २१, नियम ३५ पाहावा. हुकूमनाम्याप्रमाणे घराचा ताबा द्यावयाचा असून आतील मनुष्य वाट देत नसेल, तर वाजवी इशारा देऊन न्यायालयाच्या अंमलदाराने कुलूप काढावे अथवा दार फोडावे, अशी तेथे तरतूद आहे. ते कोणाच्या हातून काढवावे, याविषयी नियम मुका आहे. बेलिफाला मात्र किल्लीवाल्याचे घर ठाऊक असावे लागते.

देवस्थानांनाही हा प्रश्न परका नाही. पुरीच्या श्रीजगन्नाथाच्या रत्नभांडारातील आतल्या दालनाच्या किल्ल्या सापडत नसल्याचे २०१८ साली उघड झाले. चौकशीसाठी निवृत्त न्यायमूर्तींचा आयोग नेमण्यात आला. पुढे १४ जुलै २०२४ रोजी दालन उघडावयास मंडळी जमली, तेव्हा प्रशासनापाशी असलेल्या किल्ल्या कुलपांना लागेनात. अखेर दंडाधिकाऱ्यांसमक्ष कुलपे तोडावी लागली.