हाराचा दोरा



या स्मरणिकेत वीण्यावर लेख आहे, पखवाजावर आहे, चोपदारांवर आहे. फुलांच्या पेटीवर लिहायचं काम आम्हा हार करणाऱ्या मंडळींकडे आलं. पेटी म्हणजे पत्र्याची साधी ट्रंक. तिच्यात लांब सुया, गोणी शिवायचं दाभण, कात्री, सुतळीचा गुंडा, दोऱ्याची रिळं, सुती फडकी आणि बांबूच्या चार कामट्या. परड्या, दुरड्या गाडीच्या कडेला टांगलेल्या. वारूळवाडीहून निघून पंढरीला पोचेपर्यंत माउलींच्या पूजेला आणि वीण्याला जो हार लागतो, तो एवढ्याच सामानातून होतो. शंभर वर्षांत यातलं काय बदललं, असं पोरं विचारतात. सुई तीच आहे, परडी तीच आहे. बदलला तो दोरा, आणि त्याचीच हकिगत सांगण्यासारखी आहे.

आधी तुळस. वारकऱ्याचा खरा हार तुळशीचा. तिला सुई लावायची नाही, मंजिरीसकट डहाळ्या गाठीत धरून बांधायच्या. सूर्य मावळल्यावर तोडायची नाही, द्वादशीला तोडायची नाही. म्हणून द्वादशीच्या पूजेची तुळस आधीच तोडून ओल्या फडक्यात ठेवावी लागते. तुळस शिळी होत नाही, असं आपण मानतो आणि त्यामुळे ही सोय चालते.

फुलांचं मात्र हंगामावर आहे. कार्तिक वद्यात आळंदीला जातो तेव्हा शेवंती भरपूर, हार भरगच्च होतो. आषाढी वारीत पाऊस. त्या दिवसांत तगर, जास्वंद, कण्हेर, सरता मोगरा आणि मिळेल तो झेंडू. झेंडूचं फूल पाणी धरून ठेवतं आणि आतून काळं पडतं, म्हणून ते कोरडंच भरायचं. मोगऱ्याला उलट ओलं फडकं पाहिजे. दोन्ही एका दुरडीत टाकली की दोन्ही वाया. प्लॅस्टिकच्या पिशवीत तर कुठलंच फूल राहत नाही, उबतं. चाकणपर्यंतसुद्धा टिकत नाही.

झेंडूशिवाय आज आपल्याला हार सुचत नाही, पण हे फूल मूळचं मेक्सिकोकडचं. माउलींनी १२९६ साली समाधी घेतली. अमेरिका खंडाशी समुद्रवाट जुळली ती त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी, आणि झेंडू आपल्याकडे आला तो त्याच्याही मागून. निशिगंधही तिकडचाच. म्हणजे संतांच्या काळच्या हारात या दोहोंपैकी काहीच नव्हतं, तुळस होती. आमच्यातले काही जण हे ऐकून नाराज होतात. व्हायचं कारण नाही. फूल परदेशातून आलं आणि पांडुरंगाने घेतलं, एवढंच.

आता दोरा. जुना दोरा विकत मिळत नव्हता, तो केळीचा असायचा. घड उतरवला की खोड तोडायचं, त्याची सोपटं सोलून सावलीत वाळवायची. हार करायच्या आधी घटकाभर पाण्यात भिजवली की ती मऊ होतात. मग नखाने किंवा सुईच्या टोकाने त्याच्या बारीक पट्ट्या काढायच्या. ही पट्टी चपटी असते, त्यामुळे देठ कापला जात नाही. भिजलेली असताना गाठ मारली की वाळताना ती आपोआप आवळते. सुईत ओवायला ती चांगली नाही, पण दोन दोन देठ धरून बांधायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. मोठ्या हाराला घायपाताचा वाख वापरत. दाभण असायचं ते त्याच्यासाठी.

दिंडीचं सामान तेव्हा बैलगाडीवर असे. कळंब, मंचर, पेठ, खेड, चाकण करत आळंदी आणि तिथून पुढे पंढरीची वाट. मुक्कामाला कालचा हार उतरवला की तो कुठे जाई? थोडा नदीत आणि बाकीचा बैलांपुढे. तुळस, झेंडू, सोपट, सगळं बैल खाई. फक्त कण्हेर वेगळी काढायची, कारण ती जनावराला विषारी. कण्हेरीचा हार झाडाच्या बुंध्याशी पुरत. घरच्या म्हाताऱ्या बायका पोरींना हार करायला बसवत तेव्हा पहिली ताकीद हीच असे, कण्हेर दुसऱ्या हारात मिसळायची नाही. म्हणजे दोरा कसला असावा हे शास्त्रात बघून ठरलं नव्हतं. हार बैलाच्या पोटात जायचा, म्हणून तो बैलाला चालेल असाच असे.

मग गिरणीचा सुती दोरा आला. सुईत सरळ जातो, काम भराभर होतं. बैलाला त्याचाही फार त्रास नव्हता. पुढे सामानाला ट्रक आला. बैल गेले आणि हार खाणारं कोणी उरलं नाही. आमच्या मते पेटीच्या इतिहासातला खरा बदल इथे झाला, जरी त्या दिवशी पेटीत काहीच नवीन ठेवलं नव्हतं. हार कोण खाणार हा विचार संपला आणि नायलॉनचा दोरा बिनदिक्कत आत आला. पावसात कुजत नाही, तुटत नाही, स्वस्त पडतो. त्यामागून बारीक तार आली, जरीची पट्टी आली, प्लॅस्टिकचे मणी आले.

पण खाणारं कोणी उरलं नाही हे खरं नव्हतंच. आपले बैल गेले, रस्त्यावरच्या गावांच्या गाई तिथेच होत्या. मुक्कामाच्या जागी टाकलेला हार सकाळी त्या खातात. नायलॉन पोटात गुंडाळून बसतो. तारेचा तुकडा गाईच्या जाळीदार पोटात अडकतो आणि तिथून टोचत हृदयापर्यंत जातो. हे जनावरांचा कुठलाही डॉक्टर सांगेल. नदीत टाकलं तरी तेच. भीमेत सोडलेलं सोपट चार दिवसांत गाळ होतं, नायलॉन तसाच पंढरीच्या चंद्रभागेपर्यंत जातो. आपण तिथे स्नानाला उतरतो आणि तो पायात येतो.

कमानीची गोष्टही सांगायला हवी. आपल्या भागात टोमॅटो आणि द्राक्ष, त्यामुळे बांबू, तार, सुतळी कुठल्याही शेतात मिळते. प्रस्थानाच्या कमानीचा सांगाडा टोमॅटोच्या काठ्यांचाच असतो आणि काम झालं की काठ्या परत वावरात जातात. तारही परत जाते, हे महत्त्वाचं. पण मंगल कार्यालयांतल्या स्टेजवरून एक हिरवा स्पंज आपल्याकडे आला. १९५४ साली अमेरिकेत तो निघाला. पाणी शोषतो, फूल खोचलं की दोन-तीन दिवस ताजं राहतं. दिसायला सुरेख, हात लावला की भुगा, आणि तो भुगा कुजत नाही. २०१८ साली राज्यात प्लॅस्टिक आणि थर्माकोलवर बंदी आली तेव्हा थर्माकोलची मखरं गेली, हा स्पंज मात्र अजून दिसतो. जुने लोक त्याच्या जागी केळीच्या खोडाचा तुकडा वापरत. खोडात पाणी असतंच. दाभणाने भोक पाडून देठ खोचायचा, जड फुलाला कामटीची काडी द्यायची. सजावट उतरली की खोड गोठ्यात.

२०२० साली वारी पायी निघाली नाही. ३० जूनला पादुका फुलांनी सजवलेल्या एसटीने पंढरपूरला गेल्या. आम्ही गावातच होतो. त्या वर्षी बाजार बंद, रिळं मिळेनात, म्हणून काही घरांत पुन्हा सोपटं भिजवली गेली. ज्यांना ती काढता येत होती अशा बायका तेव्हा मोजक्याच उरल्या होत्या. त्यांच्याशेजारी बसून चार मुली शिकल्या. आज पेटीची जबाबदारी त्यांच्यातल्याच दोघींकडे आहे.

सगळे हार सोपटाचे होणार नाहीत, हे आम्हांला कळतं. रोजच्या हाराला सुती दोरा चालेल. वीण्याचा आणि पादुकांचा हार मात्र यंदापासून सोपटाचा करायचं दिंडीच्या बैठकीत ठरलं आहे. त्यावर वाद झाला. आषाढाच्या पावसात सोपट सुटेल, असं एक म्हणणं होतं. भिजून ते सैल होतं हे खरं आहे, म्हणून गाठ दुहेरी मारायची आणि सोबत पट्ट्यांची जादा जुडी कोरडी ठेवायची.

तेव्हा माउली, ज्यांच्या वावरात केळीचा घड उतरला असेल त्यांनी खोड बांधावर फेकू नये. सोपटं सोलून, सावलीत वाळवून, जुडी बांधून ज्येष्ठाच्या पौर्णिमेपर्यंत मंदिरात आणून द्यावीत. सुती दोऱ्याची रिळं दिली तरी चालतील. हार विकत आणून अर्पण करणार असाल तर घेताना दोरा ओढून बघा. ताणला जाऊन परत येत असेल तर तो नायलॉन आहे, तिथेच परत द्या.