तोफ वालावलपर्यंत पोचते का?

४ डिसेंबर २०२३. नौदल दिनाचा सोहळा त्या वर्षी आमच्याकडे, तारकर्लीच्या किनाऱ्यावर होता. समोर युद्धनौका, डोक्यावर हेलिकॉप्टरं आणि वाळूत पाय ठेवायला जागा नाही इतकी गर्दी. रात्री उशिरा वालावलला परतलो, तर आजी जागीच होती. मोबाईलवर काढलेले व्हिडिओ तिने शांतपणे पाहिले आणि विचारलं, "तेंची तोफ हयपर्यंत पोचता काय रे?"

मी हसलो. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही.

वालावल समुद्रावर नाही. कर्ली नदीच्या काठावर, लक्ष्मीनारायणाच्या देवळाच्या आणि तळ्याच्या आडोशाला वसलेलं हे गाव मालवणपासून सरळ रेषेत पंधराएक किलोमीटर आत आहे. शिवरायांनी १६६४ मध्ये सिंधुदुर्गाचं बांधकाम सुरू केलं, त्या काळच्या जहाजावरच्या तोफेचा गोळा नेमाने एक-दोन किलोमीटरही जात नसे. त्यामुळे समुद्रावरचं युद्ध समुद्रावर आणि किल्ल्याच्या तटापाशीच संपायचं. आतल्या गावांचं संरक्षण अंतरच करायचं.

पण कधीकधी एकच गोळा पुरतो. फेब्रुवारी १७५६ मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसनचं आरमार विजयदुर्गावर चालून आलं. सोबत क्लाइव्ह होता आणि जमिनीवरून पेशव्यांचं सैन्य. लक्ष्य होते तुळाजी आंग्रे. इंग्रजांकडे भरीव गोळ्यांबरोबर दारू भरलेले, फुटणारे गोळेही होते. त्यातला एक जाऊन पडला 'रिस्टोरेशन' नावाच्या जहाजावर. तुळाजींनी ते पूर्वी कंपनीकडूनच जिंकून घेतलं होतं. ते पेटलं, आग शेजारच्या गुराबांना आणि गलबतांना लागली आणि बघता बघता अख्खं आरमार जळालं. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. पुढे १७६५ मध्ये इंग्रजांनी कोल्हापूरकरांच्या ताब्यातला सिंधुदुर्गही घेतला आणि त्याचं नाव 'फोर्ट ऑगस्टस' ठेवलं. वर्षभरात तो परत द्यावा लागला, ती गोष्ट वेगळी.

विजयदुर्गाच्या खाडीत त्या गोळ्याने जहाज निवडलं नव्हतं. त्याची वात कापली होती, तोफेचं तोंड वळवलं होतं, बाकी वारा आणि नशीब. तेव्हापासून आजपर्यंत तोफखान्याची धडपड एकच आहे: गोळा लांब जावा, आणि नशिबावर न जाता नेमाने जावा.

लांब जाण्याची एक युक्ती आपल्याच भागातली. मराठे आणि म्हैसूरकर लढाईत 'बाण' वापरत, म्हणजे दारूच्या जोरावर उडणारे अग्निबाण. म्हैसूरच्या लोखंडी नळीच्या बाणांवरून इंग्लंडमध्ये काँग्रीव्हने आपले रॉकेट तयार केले आणि १८०६ मध्ये बोटींतून बूलोन बंदरावर सोडले. लांब जात, पण कुठे जातील ते सांगता येत नसे.

तोफेचा गोळा आणि रॉकेट एकत्र करायचं हे पुढचं पाऊल. गोळा नळीतून सुटला की त्याच्या शेपटीतलं छोटं रॉकेट हवेत पेटतं आणि त्याला आणखी पुढे ढकलतं. पण अंतर वाढलं की चूकही वाढते. शंभर किलोमीटरवर नेम एक अंश चुकला, तर गोळा पावणेदोन किलोमीटर बाजूला पडतो. म्हणून त्याला वाट दाखवणारा मेंदू हवा: उपग्रहाचा जीपीएस, जडत्वावर चालणारं दिशादर्शन, बाहेर आल्यावर उघडणारे पंख. गोची इथेच आहे. नळीत गोळ्यावर गुरुत्वाकर्षणाच्या दहा हजार पटींच्या आसपास धक्का बसतो. आपला फोन हातातून फरशीवर पडला तरी जीव वर येतो!

अमेरिकन नौदलाने १९९६ मध्ये पाच इंची तोफेसाठी असा गोळा बनवायला घेतला. नाव 'ईआरजीएम'. मोठ्या तोफांच्या जुन्या युद्धनौका निवृत्त झाल्या होत्या आणि किनाऱ्यावरच्या सुरुंगांच्या, क्षेपणास्त्रांच्या भीतीने जहाजांना लांब राहूनच मारा करायचा होता. बारा वर्षं चाचण्या फसत राहिल्या आणि २००८ मध्ये प्रकल्प बंद झाला. मग आली 'झुमवॉल्ट' वर्गाची जहाजं, १५५ मिलिमीटरची खास तोफ आणि तिचा खास गोळा. पल्ला शंभर किलोमीटरच्या पुढे, आणि चाचण्यांत तो चालायचाही. पण बत्तीस जहाजांची योजना तिनावर आली, गोळे थोडेच लागणार म्हणून एकाची किंमत आठ लाख डॉलरवर गेली. तेव्हाच्या दराने पाच कोटी रुपयांहून जास्त. २०१६ मध्ये, पहिलं जहाज नौदलात दाखल झालं त्याच वर्षी, गोळ्यांची खरेदी रद्द झाली. जगातली सर्वांत आधुनिक तोफ गोळ्याविना उभी राहिली. पुढे त्या जहाजावरच्या तोफा काढून तिथे क्षेपणास्त्रांसाठी जागा करायला घेतली.

आपल्याकडेही ही वाट चालली जातेय, जमिनीवरून. १९५८ मध्ये सुरू झालेल्या, पुण्यात पाषाणला असलेल्या एआरडीई या संस्थेने 'पिनाक' रॉकेट घडवलं आणि नंतर त्याला दिशा देणारी आवृत्तीही आली. आयआयटी मद्रासमध्ये १५५ मिलिमीटरच्या गोळ्याला रॅमजेट इंजिन जोडण्याचं काम सुरू आहे. आपल्या बऱ्याच युद्धनौकांवर मात्र ७६ मिलिमीटरची तोफ आहे, हरिद्वारला 'भेल'मध्ये बनणारी. साध्या गोळ्यानिशी तिचा पल्ला साधारण सोळा किलोमीटर.

म्हणजे आजीच्या प्रश्नाचं उत्तर: जहाज अगदी मालवणच्या धक्क्याला टेकलं, तर जेमतेम. पण झुमवॉल्टचा तो गोळा मालवणच्या समुद्रातून सह्याद्री ओलांडून कोल्हापूरच्या वेशीवर गेला असता. १७६५ मध्ये सिंधुदुर्ग पडल्याची बातमी घाट चढून कोल्हापूरला जायची होती. आता बातमीच्या आधी गोळाच पोचेल.

नेम अचूक झाला की निरपराध वाचतात, असं सांगितलं जातं. ते खोटं नाही. बाजूला पडणारा गोळा कुणाच्या तरी घरावरच पडतो. पण पल्ला वाढला की समुद्रावरच्या माणसाच्या नकाशात आणखी गावं येतात, हेही तितकंच खरं.

हे सगळं मी आजीला माझ्या परीने सांगितलं. कोल्हापूरचं ऐकून ती गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे आमी आता दर्यार रवतो."

समुद्र तिच्या घरापासून पंधरा किलोमीटरवर आहे. पण तिचं बरोबर होतं.